पान मोजायचं म्हणजे नेमकं काय? वनस्पतींच्या गुणधर्मांचा फील्ड अभ्यास शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फील्ड शिबिराला नव्यानं येणारी मुलं-मुली पहिल्या दोन दिवसांत जे विचारतात, त्यातले बरेचसे प्रश्न दर खेपेला तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. जिथे नवख्यांचा डेटा हमखास बिघडतो, तिथली उत्तरं मुद्दाम लांबवली आहेत.

गुणधर्म म्हणजे नेमकं काय? झाडाबद्दल जे दिसेल ते सगळं गुणधर्मच ना?

नाही. झाडाची ठेवण, त्याचं आतलं कामकाज किंवा त्याचं ऋतुचक्र यातलं एखादं वैशिष्ट्य एकेका झाडावर मोजता आलं पाहिजे. शिवाय त्या झाडाच्या वाढण्याशी, तगून राहण्याशी किंवा बीजधारणेशी त्याचा संबंध असला पाहिजे. तरच त्याला गुणधर्म म्हणायचं. आम्ही बोलताना सरळ ‘ट्रेट’ म्हणतो. पानाची जाडी, खोडाची घनता, बियांचं वजन, फुलोरा येण्याची वेळ हे सगळे ट्रेट. एखाद्या उतारावर किती जाती आहेत हा त्या वनस्पतिसमूहाबद्दलचा आकडा झाला, आणि तिथे पाऊस किती पडतो हा परिसराबद्दलचा. शिकाऊ अहवालांत या तिन्हींची गल्लत फार दिसते, म्हणून हे पहिल्याच दिवशी पक्कं करून घ्या.

कल्पना जुनी आहे. थिओफ्रास्टसनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वनस्पतींची वृक्ष, झुडुपं, उपझुडुपं आणि लहान रोपं अशी विभागणी केली होती. 20व्या शतकाच्या सुरुवातीला डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन राउंकिएर यांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडतो: प्रतिकूल ऋतूत हे झाड आपले कोंब कुठे राखतं? उंच फांदीवर, मातीलगत, की मातीखाली? नाव-गाव, कुळ काही न विचारता झाड कसं जगतं एवढंच त्यांनी पाहिलं. आपण आज वजनकाटा आणि स्कॅनर घेऊन तेच पाहतो आहोत.

जाती ओळखता येत असतील तर हा मोजमापाचा खटाटोप कशासाठी?

जातीचं नाव तुम्हाला दुसऱ्या खंडात नेत नाही. दोन दूरच्या डोंगरांवर एकही जात सामायिक नसेल, तरी दोन्हीकडच्या पानांची जाडी एकाच मापानं मोजता येते. मग उंची वाढते तशी पानं कशी बदलतात, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारख्याच भाषेत विचारता येतो.

2004 साली ‘नेचर’मध्ये एक गाजलेला शोधनिबंध आला. 175 ठिकाणच्या 2548 जातींची पानं त्यात एकत्र तपासली होती. त्यातून दिसलं की पानांचा जमाखर्च जगभर जवळपास एकाच रेषेवर बसतो. एका टोकाला पातळ, स्वस्तात बांधलेली, नायट्रोजननं भरलेली, झपाट्यानं अन्न बनवणारी आणि लवकर गळणारी पानं. दुसऱ्या टोकाला जाड, चिवट, महागात पडलेली, सावकाश परतफेड करणारी आणि दीर्घकाळ टिकणारी पानं. 2016 मध्ये याच नियतकालिकात 46,085 जातींचं विश्लेषण आलं. उंची, खोडाची घनता, पानाचा आकार, पानाचं दर क्षेत्रफळामागचं वजन, पानातला नायट्रोजन आणि बियांचं वजन अशा सहा गुणधर्मांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश फक्त दोन अक्षांवर मांडता येतो, असं त्यात आढळलं. एक अक्ष झाडाच्या आणि त्याच्या अवयवांच्या आकारमानाचा, दुसरा पानाच्या जमाखर्चाचा.

एवढी मोठी गोष्ट शेवटी कुणीतरी गुडघ्यावर बसून तोडलेल्या पानांवरच उभी आहे. म्हणून पान कसं तोडलं याला महत्त्व.

सुरुवात कोणत्या गुणधर्मांपासून करावी?

उंची, पानाचं क्षेत्रफळ, पानाची जाडी, विशिष्ट पर्णक्षेत्र आणि पानातल्या कोरड्या भागाचं प्रमाण. विशिष्ट पर्णक्षेत्राला सगळे एसएलए म्हणतात: पानाचं क्षेत्रफळ भागिले त्याचं कोरडं वजन. कोरड्या भागाचं प्रमाण म्हणजे एलडीएमसी: कोरडं वजन भागिले पाण्यानं पूर्ण भरलेल्या पानाचं वजन. काही जण एसएलए उलटा करून एलएमए लिहितात, माहिती तीच असते.

हे पाचही साध्या साधनांनी मोजता येतात आणि त्यातून बरंच कळतं. बिया मिळाल्या तर त्यांचंही वजन करा. 1998 मध्ये मार्क वेस्टोबी यांनी एसएलए, उंची आणि बियांचं वजन या तिघांवरच वनस्पतींच्या जगण्याच्या तऱ्हा मांडायचा प्रस्ताव दिला होता.

झाडावर हजारो पानं असतात. मोजायचं पान निवडायचं कसं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकताना सोपं वाटतं: पूर्ण वाढलेलं, तरुण पण पक्व, निरोगी, पूर्ण उन्हात असलेलं पान. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं.

‘पूर्ण वाढलेलं’ म्हणजे शेंड्यावरची कोवळी, फिक्या रंगाची, हाताला मऊ लागणारी पानं नकोत. त्यांच्या पेशींच्या भिंती अजून पक्क्या झालेल्या नसतात, त्यामुळे एसएलए फुगलेला येतो. फांदीच्या तळाशी असलेली, पिवळसर व्हायला लागलेली पानंही नकोत, कारण झाडानं त्यातला नायट्रोजन परत ओढून घ्यायला सुरुवात केलेली असते. ‘निरोगी’ म्हणजे किड्यांनी कुरतडलेलं, बुरशीचे डाग असलेलं किंवा शेवाळ चढलेलं नको. आता ज्या जातीची सगळीच पानं कुरतडलेली असतात तिचं काय करायचं? त्यातल्या त्यात बरी पानं घ्या आणि नोंदवहीत तसं स्पष्ट लिहा.

‘पूर्ण उन्हात’ या शब्दांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. एकाच झाडाच्या माथ्यावरचं पान आणि आतल्या सावलीतलं पान शेजारी ठेवून बघा. सावलीतलं पान रुंद, पातळ, उजेडासमोर धरलं तर शिरा दिसतील असं. उन्हातलं लहान, जाड, किंचित कडक. एकाच झाडाच्या या दोन पानांमधला फरक कधीकधी दोन जातींमधल्या फरकाएवढा निघतो. हाताला लागेल ते पान घेतलं तर तुम्ही जाती मोजत नसून तुमच्या हाताची उंची मोजत असता. जंगलाच्या तळाशीच जगणाऱ्या जातींना पूर्ण ऊन कधी मिळतच नाही. तिथे त्या जातीला मिळणाऱ्यातली सर्वांत उजेडी जागा शोधायची.

तोडण्याची वेळही पाळावी. पान दिवसभर स्टार्च साठवतं, त्यामुळे दुपार सरता सरता कोरडं वजन वाढतं आणि एसएलए खाली येतो. सूर्य उगवून दोन-तीन तास झाल्यावर सुरुवात करायची आणि मावळण्याच्या तीन-चार तास आधी थांबायचं. एक ठिकाण सकाळी आणि दुसरं रोज संध्याकाळी केलंत, तर त्या दोन ठिकाणांमधला फरक जागेचा की घड्याळाचा, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

पानात देठ धरायचा का? संयुक्त पान असेल तर?

एसएलएसाठी देठ धरायचा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण देठ आणि पातं वेगवेगळं मोजून ठेवलंत तर उत्तम. ज्याला जसं हवं तसं तो नंतर जोडून घेईल. संयुक्त पानात एक पर्णिका म्हणजे एक पान नव्हे. देठ आणि फांदीच्या कोनात कळी कुठे आहे ते बघा, तिथपासून पुढचं सगळं एक पान. गवतात बहुतेक जण फक्त पातं घेतात, खोडाला वेढलेलं आवरण सोडून देतात. काहीही ठरवा, पण पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकच ठरवा आणि लिहून ठेवा.

तोडलेलं पान काट्यापर्यंत कसं न्यायचं?

पान तुटलं की त्या क्षणापासून ते पाणी गमवायला लागतं. म्हणून शक्यतो पान एकटं न तोडता छोटी डहाळीच कापा, ओलसर टिशूत गुंडाळा आणि प्लास्टिकच्या बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. पिशवी बंद करण्याआधी तिच्यात एक मोठा श्वास सोडा. नवीन मुलांना हा विधी वाटतो, पण कारण साधं आहे: आपल्या उच्छ्वासात दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड असतो, त्यानं पानाचं बाष्पोत्सर्जन मंदावतं. शिवाय पिशवी थोडी फुगलेली राहते, पानं चिरडत नाहीत. मग पिशवी थंड पेटीत, उन्हाआड. बर्फाला थेट टेकवू नका. पान गोठलं की पेशी फुटतात आणि त्याचं ताजं वजन विश्वासाचं राहत नाही.

परत आल्यावर डहाळीचं टोक पाण्याखाली पुन्हा कापून, देठ पाण्यात बुडवून अंधारात ठेवायचं. 6 तास तरी, जमल्यास रात्रभर. सकाळी पान टरटरीत झालेलं असतं. एलडीएमसीच्या व्याख्येत ‘पाण्यानं पूर्ण भरलेलं’ पान आहे ते हे. तोडलं तेव्हा ते अर्धवट कोमेजलेलं असेल तर तुम्ही मोजलेलं वजन त्या दुपारच्या उन्हाचं असेल, त्या जातीचं नव्हे.

वजनाआधी टिशूनं पान टिपून घ्या. टिपायचं, चोळायचं नाही. लव असलेल्या पानांवर पाणी फार चिकटून राहतं, तिथे घाई केली की आकडा हमखास जास्त येतो. जमेल तितकं सगळं 24 तासांच्या आत आटपा.

स्कॅन करताना काय बघायचं?

पान सपाट, एकमेकांवर न चढलेलं, काच स्वच्छ. मुरडलेली पानं पारदर्शक पट्टीखाली दाबून पसरायची. फारच वळलेलं असेल तर कापून तुकडे करा, क्षेत्रफळ बदलत नाही. स्कॅनर 300 डीपीआयवर ठेवलात तर एका मिलिमीटरमध्ये जवळपास 11.8 ठिपके बसतात, म्हणजे एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे 139. इवल्याशा पानांसाठीही एवढं पुरतं. क्षेत्रफळ काढायला इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. प्रत्येक स्कॅनमध्ये मोजपट्टी असू द्या. आणि रोज सकाळी माहीत असलेल्या मापाचा कागदी चौकोन स्कॅन करून बघा. 50 गुणिले 20 मिलिमीटरचा कागद 1000 चौरस मिलिमीटरच दाखवतो ना? नसेल तर पानांना हात लावायचा नाही.

काचेवर पडलेला मातीचा कण सॉफ्टवेअरला पानच वाटतो. पान मोठं असेल तर फरक पडत नाही, सुईएवढ्या पानात पडतो.

ओव्हनचं तापमान आणि वेळ?

पानांसाठी 70 अंश सेल्सिअसला किमान 72 तास, किंवा 80 अंशाला 48 तास. कागदी पाकिटात, सैल ठेवून. लाकडाची घनता काढायची असेल तर त्या तुकड्याला 100 अंशांच्या वर, 101 ते 105 अंशांवर वाळवतात. पानांना एवढं तापवू नका, विशेषतः त्यातला नायट्रोजन नंतर मोजायचा असेल तर.

ओव्हनबाहेर आलेलं पान हवेतली ओल लगेच शोषायला लागतं. सगळी पाकिटं टेबलावर मांडून चहाला जाऊ नका. डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करा आणि एकेक काढून तोला. पातळ पानं काट्यावर ठेवली की शेवटचा अंक तुमच्या डोळ्यांदेखत वर सरकताना दिसतो.

आकडेमोड एकदा करून दाखवाल का?

दाखवतो. एक पान घेऊ: क्षेत्रफळ 1840 चौरस मिलिमीटर, पाण्यानं भरलेलं वजन 0.412 ग्रॅम, कोरडं वजन 0.118 ग्रॅम.

एसएलए: 1840 भागिले 118 मिलिग्रॅम, म्हणजे 15.6 चौरस मिलिमीटर दर मिलिग्रॅम. हाच आकडा चौरस मीटर दर किलोग्रॅम म्हणूनही तसाच लिहिता येतो. एलएमए हवा असेल तर 1000 भागिले 15.6, सुमारे 64 ग्रॅम दर चौरस मीटर. एलडीएमसी: 118 भागिले 0.412, म्हणजे 286 मिलिग्रॅम दर ग्रॅम.

आता खरी गंमत पुढे आहे. 0.412 ग्रॅम ओलं वजन 18.4 चौरस सेंटिमीटरवर पसरलेलं आहे. पानाची घनता पाण्याच्या आसपास धरली तर जाडी 0.0224 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 0.22 मिलिमीटर यायला हवी. मायक्रोमीटरनं, मोठ्या शिरा टाळून, त्याच पानाची जाडी मोजा. 0.20 किंवा 0.25 आली तर सगळं जुळतंय. 2.2 आली, किंवा 0.02 आली, तर कुठेतरी दशांशचिन्ह सरकलंय, पाकिटं अदलाबदल झालीयेत किंवा पान मोजताना कोमेजलेलं होतं. ही पडताळणी शिबिरात रोज रात्री करायला लावतो, कारण त्या रात्री पान अजून हाताशी असतं.

उंची तर सोपी आहे ना?

लहान रोपांची, हो. जमिनीपासून हिरव्या पानांच्या वरच्या सीमेपर्यंत मोजायचं, फुलोऱ्याचा दांडा धरायचा नाही. तो वेगळ्या रकान्यात. रोप हातानं ताणून सरळ करायचं नाही. ते जसं उभं आहे तसंच उजेडासाठी झगडतंय.

उंच वृक्षासाठी क्लिनोमीटर, म्हणजे कोन मोजायचं साधन. 20 मीटर अंतरावरून माथ्याचा कोन 35 अंश आला तर 20 गुणिले 0.70 (35 अंशांचा टॅन), म्हणजे 14 मीटर. त्यात डोळ्यांची उंची, समजा 1.5 मीटर, मिळवली की 15.5. उतारावर हे गणित तसंच वापरू नका, बुंध्याच्या तळाचाही कोन घ्या. आणि पसरट माथ्याच्या झाडात तुमच्याकडे झुकलेली फांदी शेंडा समजून मोजली जाते. मग उंची फुगते.

किती झाडं, किती पानं? आणि कोणत्या जाती?

पानांच्या गुणधर्मांसाठी दर जातीची किमान 5 झाडं, जमल्यास 10, प्रत्येकाची 2 पानं. उंचीसाठी याहून जास्त झाडं घ्या, 25 पर्यंत. एका झाडाची 20 पानं आणि 10 झाडांची 2-2 पानं यात नमुन्यांचा आकडा सारखा, पण पहिल्यात तुम्हाला फक्त एक झाड कळतं.

सगळ्या जाती घेणं बहुधा जमत नाही. क्वाड्रॅटमधलं, म्हणजे अभ्यासासाठी आखून घेतलेल्या चौकोनातलं, आच्छादन बघा, सर्वांत जास्त जागा व्यापणाऱ्यांपासून सुरुवात करा आणि एकूण आच्छादनाचा 80 टक्के भाग भरेपर्यंत खाली या. कारण पुढे तुम्हाला समूहाची भारित सरासरी काढायची असते, म्हणजे जी जात जास्त जागा व्यापते तिचं सरासरीत वजन जास्त. समजा तीन जाती 60, 30 आणि 10 टक्के जागा व्यापतात आणि त्यांचा एसएलए 12, 20 आणि 30 आहे. साधी सरासरी येईल 20.7. भारित सरासरी 16.2. त्या जमिनीवर खरोखर जे पानपसाऱ्याचं चित्र आहे ते 16.2 च्या जवळचं. दुर्मीळ जातींवर तुमचा प्रश्न बेतलेला असेल तर मात्र हा 80 टक्क्यांचा नियम तुमच्यासाठी नाही.

एका जातीचा एक सरासरी आकडा पुरत नाही का?

पूर्वी तसंच चालायचं. 2015 मध्ये जगभरच्या 629 वनस्पतिसमूहांचा एकत्रित अभ्यास झाला. एका समूहाच्या आत गुणधर्मांत जो फरक असतो, त्यातला सरासरी 25 टक्के एकाच जातीच्या झाडाझाडांमधला असतो, आणि समूहासमूहांमधल्या फरकात हा वाटा 32 टक्के, असं त्यात निघालं. चौथा हिस्सा सरासरीत पुसून टाकणं मला पटत नाही. म्हणून प्रत्येक पानाचा आकडा वेगळा ठेवा, कोणत्या झाडाचं आणि कोणत्या क्वाड्रॅटमधलं ते लिहा. सरासरी कधीही काढता येते, सरासरीतून मूळ आकडे काढता येत नाहीत.

मग ट्रायसारखा जगभरच्या वनस्पतींच्या गुणधर्मांचा डेटाबेस तयार असताना पुन्हा मोजायचं का?

ट्राय 2007 पासून चालू आहे, जर्मनीतल्या येना शहरातली माक्स प्लांक जैवभूरसायनशास्त्र संस्था तो सांभाळते, आणि जागतिक प्रश्नांसाठी त्याला तोड नाही. पण तुमच्या उतारावरची झाडं त्यांच्या तिथल्या मातीत, तिथल्या वाऱ्यात कशी वागतात हे त्यात नाही. ओळखीच्या जातीचे आकडे आधी तिथून पाहून घ्या, म्हणजे तुमचा आकडा दहापट चुकला तर लगेच खटकेल. पण त्याऐवजी वापरायचे असतील तर स्थानिक फरकाबद्दल दावे करू नका.

मुळांचं काय?

मुळं मोजा, पण पहिल्याच शिबिरात नाही. नळी जमिनीत ठोकून मातीचा गाभा काढायचा, चाळणीवर पाण्याखाली धुवायचा, 2 मिलिमीटरपेक्षा बारीक मुळं चिमट्यानं वेगळी करायची. एका नमुन्याला अर्धा दिवस सहज जातो. शिवाय मिसळलेल्या मुळांतून कोणतं कुणाचं हे कळत नाही, म्हणून जातवार हवं असेल तर बुंध्यापासून माग काढत जावं लागतं. मेहनत आहे, पण जमिनीखालचं गणित पानांसारखंच असेल हे गृहीत धरता येत नाही. काही झाडं लांब, बारीक मुळं पसरून स्वतः शोध घेतात, काही जाड मुळांत बुरशीला जागा देऊन तिच्याकडून काम करून घेतात.

आमच्याकडे महागडी यंत्रं नाहीत. मग?

चार दशांशांचा काटा, स्कॅनर आणि ओव्हन एवढं मिळालं तर खूप झालं. प्रकाशसंश्लेषण मोजणारं वायूविनिमयाचं यंत्र नसलं तरी चालेल. पर्णरंध्रं मोजायला पारदर्शक नेलपॉलिश आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरतो: पानाच्या खालच्या बाजूला पातळ थर द्या, वाळू द्या, चिकटपट्टीनं अलगद उचला आणि काचपट्टीवर लावा. रंध्रांचा ठसा इतका स्वच्छ उमटतो की पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण दुसऱ्याला हाक मारतो. नायट्रोजनसाठी पानं नीट वाळवून, दळून, लेबल लावून ठेवा. ज्या प्रयोगशाळेत यंत्र आहे तिथे नंतर पाठवता येतात.

नोंदवही आणि लेबल यावर एवढा भर का?

कारण मी स्वतः 64 पाकिटं गमावली आहेत. पानं उत्तम तोडली होती, सकाळच्या वेळेत, पूर्ण उन्हातली. लेबलं शाईच्या पेननं लिहिली आणि ओल्या टिशूबरोबर पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिशवीत निळसर डाग होता, अक्षर एकही नव्हतं. जाती पानांवरून ओळखता आल्या, झाडं आणि क्वाड्रॅट नाही. त्या जागी परत जायला पुढच्या ऋतूपर्यंत थांबावं लागलं. तेव्हापासून लेबल पेन्सिलीनं, जाड कागदावर, आणि एक प्रत पिशवीबाहेर.

प्रत्येक पानाला एकच क्रमांक, आणि तो पिशवीपासून स्कॅनच्या फाइलपर्यंत आणि ओव्हनच्या पाकिटापर्यंत तोच. शक्य असेल तर छापील बारकोड वापरा. नोंदवहीत तारीख, वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची दिशा, ऊन-सावली आणि मोजणाऱ्याचं नाव असावं. मोजणाऱ्याचं नाव दोष देण्यासाठी नसतं. एखाद्याचा मायक्रोमीटर सतत थोडा जास्त दाबला जातो असं लक्षात आलं, तर त्याचे आकडे दुरुस्त करायला ते लागतं.

याच कारणासाठी पहिल्या दिवशी संपूर्ण गट तीच 10 पानं मोजतो, प्रत्येक जण स्वतंत्रपणे. मग आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहितो. देठ धरला-न धरला, पान टिपलं-न टिपलं, हे सगळं त्या फळ्यावर उघडं पडतं आणि त्यावर जी चर्चा होते ती कोणत्याही व्याख्यानापेक्षा उपयोगी असते. जगभर वापरली जाणारी मोजमापाची नियमावली 2003 मध्ये आली, 2013 मध्ये सुधारून विस्तारली. ती वाचाच. पण तिच्यातल्या प्रत्येक वाक्यामागे असा एखादा फळा असणार, हे त्या दिवशी समजतं.

डेटा तपासायचा कसा?

आकडे भरल्याबरोबर कोरडं वजन आणि क्षेत्रफळ यांचा आलेख काढा, दोन्ही अक्ष लॉगमध्ये. एका जातीचे ठिपके एका पट्ट्यात बसतात. जो ठिपका लांब उभा आहे त्याची स्कॅन उघडून बघा. बऱ्याचदा पाकिटात दोन पानं आणि स्कॅनमध्ये एकच असतं. एलडीएमसी 1000 च्या वर गेला तर विचार करायचीही गरज नाही, कोरडं पान ओल्यापेक्षा जड असू शकत नाही. चुकीचा आकडा मात्र गुपचूप पुसू नका. मूळ तसाच ठेवा, शेजारी खूण करा आणि कारण लिहा.

परवानगी लागते का? चार पानंच तर तोडायची आहेत.

लागते, आणि ती आधी काढायची असते. संरक्षित क्षेत्र असेल तर त्या खात्याची, खासगी किंवा सामुदायिक जमीन असेल तर तिथल्या लोकांची. नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर 2010 मध्ये स्वीकारलेल्या आणि 2014 पासून लागू असलेल्या नागोया कराराखालचे (जैविक संसाधनं वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) नियमही पाहावे लागतात. दुर्मीळ जातीचं पान न तोडता जे मोजता येईल तेवढंच मोजा: उंची, फोटो, झाडावरच असलेल्या पानाची जाडी. प्रत्येक जातीचा एक नमुना दाबून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवा, म्हणजे पुढे नाव बदललं किंवा ओळख चुकलेली निघाली तरी आकडे वाया जात नाहीत.

शिबिराआधी एकट्यानं सराव करायचा असेल तर?

जवळचं कोणतंही एक मोठं झाड निवडा. 10 पानं उन्हातली, 10 आतल्या सावलीतली. सगळी एकाच सकाळी तोडा, रात्रभर पाण्यात ठेवा, तोला, स्कॅन करा, वाळवा, पुन्हा तोला. प्रत्येक टप्प्यावर तुम्ही काय ठरवलंत ते लिहीत जा: देठ धरला का, किती वाजले होते, किती तास वाळवलं. मग 20 ठिपक्यांचा एक आलेख काढा, आडव्या अक्षावर एलडीएमसी, उभ्यावर एसएलए. उन्हातली आणि सावलीतली पानं वेगळ्या रंगात दाखवा. तो कागद आणि तुमची नोंदवही, दोन्ही घेऊन पहिल्या दिवशी या.